व्हॅम्पायर घर बघायला येतो तेव्हा

पहिल्याच दृश्यात सही होते. नखं रंगवण्याचं दुकान चालवणारी बेकी दुकान विकायला तयार झाली आहे. खरेदीदार कंपनीचा माणूस कागद पुढे करतो, ती सही करते आणि पुढच्या काही क्षणांत व्हॅम्पायर तिचा जीव घेतो. वस्तीचा समज असा, की बाई पैसे घेऊन चांगल्या ठिकाणी राहायला गेली. ओझ रॉड्रिगेझ दिग्दर्शित 'व्हॅम्पायर्स व्हर्सेस द ब्राँक्स' हा चित्रपट २ ऑक्टोबर २०२० ला नेटफ्लिक्सवर आला, लांबी जेमतेम दीड तास. बेकीची भूमिका झोई साल्डान्याची, म्हणजे यादीतला सर्वांत ओळखीचा चेहरा सुरुवातीलाच संपवला. भयपटातली ही जुनी युक्ती आहे. पण इथे तिच्यात आणखी एक गोष्ट आहे: विकणारा माणूस वस्तीतून नाहीसा होतो, आणि त्याचं नाहीसं होणं कुणाला विचित्र वाटत नाही. शहर बदलत असताना माणसं जातच असतात. व्हॅम्पायरांनी ब्राँक्स निवडलं ते याचसाठी. इथली माणसं हरवली तर शोधायला कोण येणार?

पुढची कथा तीन मुलांची. मिगेलला सगळी गल्ली 'छोटा मेयर' म्हणते, कारण टोनीचं नाक्यावरचं दुकान वाढलेल्या भाड्यामुळे बंद पडू नये म्हणून तो गल्लीजत्रा भरवतोय आणि दिसेल त्या खांबावर तिची पत्रकं चिकटवतोय. लुईस पुस्तकी, व्हॅम्पायरांचे नियम पाठ असलेला. बॉबी शाळेतून उखडलेला, नाक्यावरच्या टोळीच्या काठाशी उभा. पत्रकं चिकटवताना मिगेलच्या डोळ्यांदेखत एक खून होतो आणि दातांचे सुळे दिसतात. मोठी माणसं अर्थातच विश्वास ठेवत नाहीत. वस्तीतली घरं-दुकानं एकामागून एक विकत घेणाऱ्या कंपनीचं नाव मुरनाउ प्रॉपर्टीज, आणि तिच्या दलालाचं आडनाव पोलिडोरी. १८१९ साली प्रसिद्ध झालेली 'द व्हॅम्पायर' ही कथा लिहिणारा जॉन पोलिडोरी आणि १९२२ साली 'नोस्फेरातू' काढणारा एफ. डब्ल्यू. मुरनाउ ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हसू येतं. बाकीच्यांचं काही अडत नाही.

मी हा चित्रपट एकदा सहज पाहिला. नंतर झाशीतल्या घरी, भाची सुट्टीत यायची होती म्हणून, त्याची मराठी उपशीर्षकं करायला घेतली. कुणी सांगितलेलं काम नव्हे, हौसेचं. भाषांतर करताना कलाकृती ज्या वेगानं वाचली जाते त्या वेगानं समीक्षक सहसा वाचत नाही. एकेक वाक्य तोंडात घोळवावं लागतं. त्या घोळवण्यातून आलेल्या काही गोष्टी इथे मांडते आहे.

पहिली गोष्ट अशी, की व्हॅम्पायर आणि बिल्डर यांची सांगड या चित्रपटानं घातली असं म्हणणं चूक आहे. ती मुळातच तशी आहे. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) सुरू होते ती जमिनीच्या व्यवहारानं. जोनाथन हार्कर हा तरुण वकील ट्रान्सिल्व्हेनियात जातो तो भुताच्या शोधात नव्हे, लंडनजवळच्या पर्फ्लीट इथल्या कारफॅक्स नावाच्या मालमत्तेचं खरेदीखत पुरं करायला. काउंटला इंग्लंडातले कायदे, पत्ते, रेल्वेची वेळापत्रकं यांत भलता रस. पुढे कळतं की त्यानं लंडनमध्ये आणखीही घरं घेऊन ठेवली आहेत, पिकॅडिलीत, माइल एंडला, बर्मंडसीला. श्रीमंत आणि गरीब, दोन्ही वस्त्यांत गुंतवणूक. मुरनाउच्या चित्रपटात तर नायक घरदलालाचाच कारकून आहे आणि काउंट ओरलोक त्याच्या घरासमोरचं ओसाड घर विकत घेतो. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) मध्ये गावचा जमीनदलाल व्हॅम्पायरच्या हस्तकाला टेकडीवरचं बदनाम घर देतो, आणि मोबदल्यात त्याला मिळते ती खरेदी-संकुल उभं राहणार असलेली जमीन. मॉलसाठी गाव विकलं, शब्दशः. मार्क्सचा दाखला या ठिकाणी सगळेच देतात, म्हणून मी देत नाही.

'सेलम्स लॉट' मराठी वाचकाला परका नाही. नारायण धारपांची 'लुचाई' ही त्याच कादंबरीवर बेतलेली. आमच्या पिढीनं वाचनालयातून आणून, रात्री पांघरुणात वाचली. 'लुचाई' वाचलेल्या चार-पाच मित्रमैत्रिणींना मी मुद्दाम विचारलं, काय आठवतं? खिडकीशी येणारे आठवतात, रात्र आठवते. जमिनीचा व्यवहार एकालाही आठवला नाही. याचा दोष धारपांकडे जातो असं मला वाटत नाही. मराठी वाचकाच्या मनात भूत आणि खरेदीखत एका कप्प्यात बसतच नाहीत, आणि त्याला कारण आहे.

ते कारण मला एका क्षुल्लक वाक्यानं दाखवलं. व्हॅम्पायरचा सर्वांत प्रसिद्ध नियम: घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय तो उंबरठा ओलांडू शकत नाही. स्टोकरच्या कादंबरीत व्हॅन हेल्सिंग तो सांगतो. स्वीडिश लेखक यॉन आयविदे लिंडक्विस्टच्या स्टॉकहोमच्या उपनगरातल्या व्हॅम्पायर-कादंबरीचं शीर्षकच त्यावर आहे. २०२५ च्या 'सिनर्स' मध्ये दारात उभे राहून आत घ्या म्हणणारे व्हॅम्पायर याच कुळातले. तेव्हा या प्रकारचं काहीही मराठीत आणायचं तर 'आत येऊ का?' हे वाक्य कधी ना कधी लिहावं लागतंच. मी 'येऊ का?' एवढंच लिहिलं आणि थबकले. मराठीत 'येऊ का?' निघताना म्हणतात. चहा झाला, गप्पा झाल्या, पाहुणा गुडघ्यावर हात ठेवून उठतो: बरं, येऊ का? 'जातो' म्हणणं अशुभ. आपल्या भाषेत दारातला शिष्टाचार सगळा जाणाऱ्यासाठी घडलेला आहे, कारण जाणारा गेला तर परत येईल ना ही भीती मोठी. येणाऱ्याची भीती आपण फारशी घेतलेली नाही. आणि आपली भुतंही तशीच आहेत: ती येत नाहीत, ती जात नाहीत.

मुंजा पिंपळावर बसतो तो बसतोच. गिऱ्हा पाण्यात, देवचार त्याच्या हद्दीत. समंध तर फारच बोलका: निपुत्रिक मेलेला, वासना घरादारात, पुरलेल्या पैशात अडकलेली, दुसऱ्याला ती मालमत्ता सुखानं भोगू देत नाही. व्हॅम्पायर हा नवा खरेदीदार असेल तर समंध हा जागा न सोडणारा जुना रहिवासी आहे. बंगालीत हे फार छान ओळखलं गेलं. अनीक दत्तांच्या 'भूतेर भविष्यत्' (२०१२) मध्ये जुन्या हवेलीतली भुतं, वेगवेगळ्या काळांतली, वेगवेगळ्या थरांतली, एकत्र राहताहेत. हवेली पाडून मॉल बांधायचा घाट घातला जातो आणि भुतं जागा वाचवायला उभी राहतात. मृत्यूनंतरही भाडेकरूच. त्याची हिंदी आवृत्ती 'गँग ऑफ घोस्ट्स' (२०१४) मला फिकी वाटली, पण कल्पना तीच. ब्राँक्समध्ये भुतं वस्ती घेतात, कोलकात्यात ती वाचवतात.

म्हणून 'व्हॅम्पायर' साठी मराठी शब्द शोधताना सर्वांत मोठा सापळा म्हणजे 'वेताळ'. तो लावला रिचर्ड बर्टननं. 'वेतालपंचविंशति' च्या कथा त्यानं १८७० मध्ये 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' या नावानं इंग्रजीत नेल्या आणि झाडाला उलटा लटकलेला, गोष्टी सांगणारा, कोडी घालणारा आपला वेताळ एकदम रक्तपिपासू झाला. २०२५ चा हिंदी 'थामा' हाच पूल उलट दिशेनं ओलांडतो. सिंधुदुर्गातल्या आरवलीला जाऊन पाहा. तिथला वेतोबा ग्रामदैवत आहे. लोक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि माणसाच्या मापाच्या कितीतरी पट मोठ्या चामडी वहाणा करून देतात, कारण तो रात्री गावातून फिरतो, राखण करतो आणि वहाणा झिजतात. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. पुण्यात वेताळ टेकडीवर रस्ता आणि बोगदे नेण्याच्या योजनेविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले ते टेकडीच्या झाडांसाठी आणि पाण्यासाठी, पण ती टेकडी ज्याच्या नावाची आहे त्याचं पद राखणदाराचंच. आता उपशीर्षकात 'वेताळ विरुद्ध ब्राँक्स' लिहिलं तर काय होईल? वस्तीच्या रखवालदारानंच वस्ती गिळली असा अर्थ होईल. 'रक्तपिपासू' हे विशेषण आहे, 'पिशाच' फार ढोबळ. मी 'व्हॅम्पायर' च ठेवला. परदेशी शब्द परदेशीच राहिलेला बरा, जेव्हा त्याचं परकेपण हाच मुद्दा असतो.

पण परकेपण हाच मुद्दा आहे का? इथे चित्रपटाशी माझं भांडण सुरू होतं.

त्याआधी त्यानं काय साधलंय ते सांगायला हवं, कारण ते थोडं नाही. वस्ती बदलत असल्याची चिन्हं तो भयपटाच्या चिन्हांसारखी वापरतो. कापडी पिशव्या लटकवलेली गोरी माणसं दिसू लागली की समजा काही खरं नाही. हस्तनिर्मित लोण्याचं खास दुकान उघडतं. वटवाघूळ आणि धुकं यांच्या जागी लोणी. हसू येतं आणि हसता हसता पोटात कालवतं, कारण हे चिन्ह खोटं नाही. मिगेल फोननं पुरावा टिपायला जातो तर पडद्यावर कुणीच नाही. आरशात न दिसणारा प्राणी कॅमेऱ्यातही दिसत नाही. ज्यांच्याकडे पुरावा म्हणून फक्त फोन आहे त्यांची ही कुचंबणा मला चित्रपटातली सर्वांत नेमकी गोष्ट वाटली. आणि खांबांवरच्या कागदांत एक गंमत आहे: एकीकडे मिगेलची जत्रेची पत्रकं, दुसरीकडे हरवलेल्या माणसांचे फोटो. तोच खांब, तोच डिंक.

मुलंच का, याचंही उत्तर चित्रपटाकडे आहे. मोठ्यांचा वस्तीशी संबंध भाड्याचा, हप्त्याचा, कंटाळ्याचा झालेला असतो. मुलांना वस्तीचा प्रत्येक जिना, प्रत्येक मागचं दार वापरासाठी ठाऊक असतं. शाळेचा गृहपाठ टोनीच्या दुकानात, 'ब्लेड' चित्रपट पाहून व्हॅम्पायर मारायचं शिक्षणही तिथेच. जो कॉर्निशच्या 'अटॅक द ब्लॉक' (२०११) मध्ये लंडनच्या सरकारी वसाहतीतली पोरं परग्रहवासीयांशी लढतात ती याच ज्ञानावर. ब्राँक्सला मुळात इतिहासही तसा आहे. रॉबर्ट मोझेसच्या क्रॉस ब्राँक्स द्रुतगती मार्गानं वस्त्या चिरल्या, १९७० च्या दशकात इमारतीच्या इमारती जळाल्या, तेव्हा ही जागा कुणाला फुकटही नको होती. जे टिकून राहिले त्यांच्या मुलांना आता सांगितलं जातंय की जागा छान आहे, तुम्ही निघा. चित्रपट हा इतिहास बोलून दाखवत नाही. दीड तासाच्या विनोदी चित्रपटानं तो दाखवावा अशी अपेक्षाही नाही. तो बॉबीच्या चेहऱ्यावर आहे.

आता भांडण. (चित्रपट पाहायचा असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) नव्यानं राहायला आलेली गोरी, गोड, किंचित बावळट विवियन हीच व्हॅम्पायरांची म्होरकी निघते. धक्का चांगला, पण त्यानं एक सोय झाली. वस्तीत येणारा प्रत्येक सौम्य माणूस सैतान असतो असं नाही. बहुतेकदा तोही दुसरीकडचं भाडं परवडत नाही म्हणून आलेला असतो. त्याच्या छातीत लाकडी खुंट मारून प्रश्न मिटत नाही. त्याहून मोठी सोय पहिल्या दृश्यात झाली होती. विकणारी बेकी सही करताक्षणी मरते, त्यामुळे विकून खरोखरच सुखानं राहणारा माणूस या कथेत उरत नाही. वस्ती निर्दोष राहते. व्हॅम्पायर बाहेरचे, दलाल बाहेरचा, आणि आपण सगळे एक. शेवटी वस्ती मुलांच्या मागे उभी राहते तेव्हा टाळी मीही वाजवली. पण टोनीच्या दुकानाचं भाडं पुढच्या वर्षी किती असेल, हे टाळीनंतर कुणी विचारत नाही.

मुंबईत ही गोष्ट अशी घडलेली नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि ज्या गिरण्या त्यानंतर मेल्या त्यांच्या जमिनीवर आज काय उभं आहे ते सर्वांना माहीत आहे. फिनिक्स मिलचं नावही बदलावं लागलं नाही. पण त्या गोष्टीत मरणाऱ्यांच्या जोडीला विकणारेही आहेत: पागडीची खोली विकून डोंबिवली-विरारला दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट घेणारे, संडास घरात आला म्हणून खरोखर सुखावलेले, आणि दर गणपतीला लालबागला परत येऊन हळवे होणारे. आणि त्यात संमती नावाची एक वस्तू आहे, जी टक्क्यांत मोजतात. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची. ती अट पुढे ५१ टक्क्यांवर आली. व्हॅम्पायरच्या नियमात एका घरातल्या एका माणसानं 'ये' म्हटलं की तो एका घरात येतो. इथे १०० पैकी ५१ दारांनी 'ये' म्हटलं की तो १०० घरांत येतो. उरलेल्या ४९ जणांच्या शेजाऱ्यांनी त्याला बोलावलेलं असतं. भयकथा लिहायची तर ती इथे आहे: आपल्याच जिन्यावरच्या कुणी सही केली असेल या संशयात.

मराठीनं हे सगळं पाहिलं, पण वेगवेगळ्या कपाटांत ठेवलं. विनोद पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मध्ये. तिथेही शेवटच्या चिंतनात चाळच बोलू लागते आणि हसू ओसरतं, पण चाळ पाडायला दारात कुणी उभं नाही. दुःख जयंत पवारांकडे: 'अधांतर' नाटक, आणि २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला कथासंग्रह 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'. त्या शीर्षकातल्या फिनिक्सला मुंबईकर वाचक दोन अर्थांनी ऐकतो. भय धारपांकडे. आणि मुलं भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेकडे, सायकलवर. या चौघांची एका गल्लीत भेट कधी झाली नाही.

आश्चर्य म्हणजे पडद्यावर हे सगळे तुकडे एकाच मराठी दिग्दर्शकाच्या हातून गेले आहेत. आदित्य सरपोतदार यांनी २०१७ मध्ये 'फास्टर फेणे' केला, २०२२ मध्ये 'झोंबिवली', २०२४ मध्ये 'मुंज्या' आणि २०२५ मध्ये तोच 'थामा'. पण फास्टर फेणे मोठा होऊन प्रवेशपरीक्षा देणारा तरुण झाला. 'झोंबिवली' त नवा टॉवर आणि शेजारची जनता नगर वस्ती, पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही हा खरा प्रश्न, भय आणि विनोदही आहे. मराठीत ब्राँक्सच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट हाच, आणि तो मला आवडतो, कारण त्यातला नायक स्वतः टॉवरमध्ये राहायला आलेला आहे. विवियनच्या जागेवर उभा असलेला साधा, हप्ते भरणारा माणूस. ब्राँक्सला जे जमलं नाही ते इथे जमलं. पण गोष्ट मोठ्यांची आहे. मूल अजून आईच्या पोटात आहे. 'मुंज्या' त मूल आहे, तर ते स्वतःच भूत. एखाद्यानं हे चार चित्रपट कापून पाचवा शिवावा असं मला फार वाटतं.

झाशीत बसून हे लिहिताना एक गोष्ट सतत आड येते. इथे मराठीचा इतिहासच मालमत्तेच्या कागदानं वळण घेतलेला. २१ नोव्हेंबर १८५३ ला गंगाधरराव गेले, आदल्या दिवशी मूल दत्तक घेतलेलं. पुढच्या वर्षी डलहौसीनं दत्तक अमान्य करून संस्थान खालसा केलं. राणीला वर्षाला ६०,००० रुपयांचं निवृत्तिवेतन देऊ केलं. किल्ला सोडायचा, शहरातल्या वाड्यात राहायचं. जॉन लँग नावाच्या बॅरिस्टरला बोलावून तिनं अर्जविनंत्याही केल्या. याला मी ओढूनताणून जेंट्रिफिकेशन म्हणणार नाही. राज्य गिळणं वेगळं आणि गल्ली गिळणं वेगळं. पण वारस नाही म्हणून मालमत्ता आमची, हा तर्क ऐकला की मला समंध आठवतो. आपल्या भूतविद्येत निपुत्रिकाच्या घराला राखणदार असतो. डलहौसीच्या कायद्यात तो नव्हता. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या काळात इथेच होते. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास' मध्ये लुटीचं जे वर्णन आहे ते मी अमृतलाल नागरांच्या हिंदी अनुवादाशेजारी ठेवून अनेकदा वाचलंय. मराठीत शहर रिकामं होण्याची पहिली भयकथा तीच असावी, आणि तीत भूत एकही नाही.

आजच्या झाशीत मुरनाउ प्रॉपर्टीज येणार नाही. सन २०१७ मध्ये शहराचं नाव स्मार्ट सिटीच्या यादीत आलं, स्टेशनाचं नाव वीरांगना लक्ष्मीबाई झालं, पण आमच्या जुन्या गल्लीत लोण्याचं दुकान उघडलेलं नाही. माणसं मात्र नाहीशी होतात. एकेक घर बारावीनंतर रिकामं होतं, कोटा, नोएडा, पुणे. खांबावर फोटो लागत नाहीत एवढंच.

भाची आली तेव्हा गल्लीतली आणखी तीन मुलं चित्रपट पाहायला बसली. मराठी उपशीर्षकं भाचीपुरतीच उपयोगी पडली. बाकीच्यांना मी तोंडी हिंदीत सांगत होते. खून, सुळे, पवित्र पाणी, सगळ्याला दाद मिळाली. टोनीच्या दुकानापाशी गाडी अडली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या मुलीनं, वय अकरा, मला विचारलं, "मौसी, उसने बेचा क्यों नहीं?" मी समजावलं: मग मुलं कुठे बसली असती, गल्लीचं काय झालं असतं. तिला ते पटलं नाही. तिच्या बाबांनी दुकान विकायला काढून तीन वर्षं झाली होती, फोनवरून सामान मागवायला लागल्यापासून गिऱ्हाईक तुटलंय, आणि घ्यायला कुणी येत नाही. "इनके यहाँ तो कोई आया," ती म्हणाली. व्हॅम्पायर आहे हे तिला नीट कळलं होतं. किंमत किती देत होता, हे तिला जाणून घ्यायचं होतं. चित्रपट ते सांगत नाही, आणि मला वाटतं त्यातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. बेकीनं सही केली त्या कागदावरचा आकडा आपल्याला कधीच दिसत नाही. आकडा दिसला असता तर मोह दिसला असता, आणि मग व्हॅम्पायर खरोखर भीतिदायक झाला असता.

'जेंट्रिफिकेशन' हा शब्द १९६४ मध्ये रूथ ग्लास यांनी लंडनसाठी घडवला. त्यात 'जेंट्री' आहे, म्हणजे येणारा कोण ते सांगितलंय. मराठीत मी 'भद्रीकरण', 'उच्चभ्रूकरण', अगदी 'पांढरपेशीकरण' सुद्धा लिहून पाहिलं. तिन्ही परीक्षेत लिहायचे शब्द आहेत. टोनीच्या दुकानात उभं राहून कुणी ते बोलणार नाही. तिथे बोललं जाईल ते 'बिल्डर आलाय'. मी तेच लिहिलं. भाचीला कुठेही थांबावं लागलं नाही.

राहता राहिली कंपनी. मुरनाउ हे नाव मराठी प्रेक्षकाला काही सांगत नाही, आणि तळटीप द्यायला उपशीर्षकात जागा नसते. मी 'धारप डेव्हलपर्स' केलं आहे. पोलिडोरीवर अजून विचार चालू आहे.